घरच्या बागेतील पॉपी

बियाण्यांच्या यादीतील चित्र पाहून बहुवर्षायू पॉपी आपल्या बागेत लावावी, असा मोह पुष्कळांस होतो. एकदा लावली की दरवर्षी फुलेल, ही त्यामागील अपेक्षा. महाराष्ट्रात ती बहुधा फलद्रूप होत नाही व त्याचे कारण या झाडाच्या स्वभावातच आहे.

ओरिएंटल पॉपी ही प्रमुख बहुवर्षायू जात मूळची कॉकेशस, ईशान्य तुर्कस्तान व उत्तर इराण येथील डोंगराळ मुलखातील. तिला कडक हिवाळा मानवतो. शेंदरी रंगाची मोठी फुले येऊन गेली म्हणजे पाने वाळतात आणि भर उन्हाळ्यात झाड केवळ जमिनीतील मांसल मुळावर तग धरून राहते. पुढे हवा थंडावली की नवी पाने फुटतात. ही विश्रांती कोरड्या जमिनीत व्हावयास हवी. आपल्याकडे प्रथम कडक ऊन व लागलीच मृगाचा पाऊस, त्यामुळे निजलेले मूळ कुजून जाते. महाबळेश्वरास हवा थंड खरी, पण तेथील पावसापुढे या मुळाचा निभाव लागणे कठीण.

तेव्हा आपल्या बागेत हंगामी पॉपी लावणेच श्रेयस्कर. शर्ली पॉपी ही त्यांतील सोपी जात. आइसलँड पॉपी वस्तुतः बहुवर्षायू, तथापि आपल्या हवेत तीही हंगामी समजूनच लावावी.

बी मात्र खात्रीचे घ्यावे. एका गृहस्थांनी घरातील खसखस वाफ्यात पेरून आलेली रोपे मला मोठ्या हौसेने दाखविली होती. ती उपटून टाकावयास सांगणे भाग पडले. खसखस हे अफूच्या झाडाचेच बी होय. ती खाण्यास हरकत नाही. परंतु १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यान्वये परवान्यावाचून अफूचे झाड लावणे गुन्हा आहे, मग ते फुलांसाठी का असेना. असे परवाने मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेश यांतील ठरावीक भागांतच मिळतात. अफूची पाने निळसर करडी, गुळगुळीत व खोडाला वेढणारी असतात. शर्ली पॉपीची पाने हिरवी, चिरलेली व लवयुक्त असतात.

पेरणी ऑक्टोबरात, पाऊस उघडल्यावर करावी. जागा उन्हाची व निचऱ्याची असावी. कुजलेले शेणखत बेताने घालावे. खत फार झाल्यास पानेच माजतात. बी अतिशय बारीक असल्याने ते बारीक वाळूत मिसळून कायमच्या जागीच विखरावे, वर मातीचा थर नावापुरताच द्यावा व झारीने हलके पाणी घालावे. सोटमूळ दुखावल्यास रोप सहसा जगत नाही, म्हणून रोपे उपटून दुसरीकडे लावू नयेत. विरळणी करताना जीव कळवळतो. तरी दोन रोपांत २० ते २५ सेंटिमीटर अंतर राखावेच. सुकलेली फुले बोंडे धरण्यापूर्वी खुडल्यास बहर लांबतो.

फुलदाणीसाठी कळीचा रंग नुकताच दिसू लागताच ती सकाळी तोडावी व देठाचे टोक क्षणभर ज्योतीवर धरावे. त्याने चीक बाहेर गळत नाही व फूल अधिक वेळ टवटवीत राहते.