टायर घेताना आधी तारीख बघा

आजचा भाग उमरेडहून. मे महिन्यात आई-बाबांना समृद्धी महामार्गाने शिर्डीला न्यायचंय. गाडीचे टायर बदलायचे म्हटलं, तर बाबा म्हणाले, "नक्षी तर शाबूत आहे, कशाला खर्च करतोस?"

मी टायरच्या बाजूवरचा चार आकडी कोड दाखवला: २३१७. म्हणजे २०१७ चा २३वा आठवडा. गाडी कमी फिरली म्हणून नक्षी राहिली, पण रबर कडक होऊन भेगा पडल्या. विदर्भाच्या उन्हात, भरल्या गाडीने, १०० च्या वेगात असा टायर फुटू शकतो.

नवा घेताना आकार तोच ठेवला: १८५/६५ आर १५. रुंदी १८५ मिलिमीटर, उंची तिच्या ६५ टक्के, रिम १५ इंची. पुढचं '८८ एच' म्हणजे एका टायरवर ५६० किलो भार, ताशी २१० किलोमीटर वेगमर्यादा. कंपनीने सांगितलंय त्यापेक्षा कमी घेऊ नका. दुकानात स्वस्तात दाखवलेला पहिला जोड तीन वर्षं जुना निघाला, नको म्हटलं.

दोनच बदलणार असाल, तर नवे मागे बसवा. ओल्या रस्त्यावर मागची बाजू घसरली की गाडी आवरत नाही.

आज एवढंच करा: ते चार आकडे वाचा. बाहेर दिसले नाहीत, तर टायरच्या आतल्या बाजूला असतील.