उंच व्हायझर लावला म्हणजे कानाचा त्रास संपला का?

ईदला गावी जायचं असतं, एसटी-रेल्वेचं तिकीट मिळत नाही, मग मुंबई-ठाण्यातली आपली कितीतरी मुलं सरळ बाईकच काढतात. कोकणात घरी पोहोचल्यावर अम्मी विचारते, "चहा ठेवू का?" आणि पोरगा म्हणतो, "काय?" कानात नुसती शिट्टी वाजत असते. सकाळपर्यंत बरं वाटतं, म्हणून कोणी मनावर घेत नाही. पण ही शिट्टी म्हणजे कानाने दिलेली नोटीस आहे.

आवाज कुठून येतो?

आपल्याला वाटतं इंजिनचा. पण ताशी 60-65 किलोमीटरच्या पुढे गेलं की हेल्मेटच्या आत इंजिनपेक्षा वाऱ्याचाच आवाज मोठा होतो. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा दाब चौपट होतो. महामार्गाच्या वेगाला हेल्मेटमधला आवाज सहज 90 डेसिबलच्या वर जातो. 85 डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तासांपर्यंत चालतो असं मानतात. पुढे दर 3 डेसिबलला ही मुदत निम्मी होते: 88 ला चार तास, 91 ला दोन, 94 ला फक्त एक. कानाच्या आतल्या बारीक पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत.

मग काच लावली की झालं?

इथेच बहुतेकांची चूक होते. माझीही झाली. शाळेसाठी रोज महामार्गावरून ये-जा. दुकानदार म्हणाला, "सर, जेवढा उंच तेवढा चांगला." लावला. छातीवरचा वारा थांबला, पण हेल्मेट असं थरथरायला लागलं की मान दुखू लागली. वर्गात मागच्या बाकावरच्या पोराला दोनदा "परत बोल" म्हणावं लागायचं.

कारण साधं आहे. नदीच्या पाण्यात दगड आला की त्याच्या मागे भोवरे होतात ना, तसंच काचेच्या वरच्या कडेवरून सुटलेल्या वाऱ्याचे भोवरे होतात. ते छातीवर आदळले तर फारसं कळत नाही, हेल्मेटवर आदळले तर धक्के आणि घुमघुम आवाज. सरळ येणारा वारा जोराचा असला तरी एकसारखा असतो; भोवऱ्याचा वारा जास्त त्रास देतो. म्हणून काच नसलेली बाईक कधी कधी चुकीच्या काचेच्या बाईकपेक्षा शांत वाटते.

घेण्याआधी ही तपासणी करा

रिकाम्या, सरळ रस्त्यावर, मागे कोणी बसलेलं नसताना, 60 च्या आसपास फूटरेस्टवर जरा उभे राहा. हँडल दोन्ही हातात घट्ट. डोकं वर गेल्यावर थरथर थांबली तर तुमच्यासाठी काच कमी उंचीची हवी. उलट, जरा खाली वाकल्यावर शांत झालं तर थोडी उंच किंवा थोडी जवळ, उभी बसवलेली काच हवी. दोघांची उंची वेगळी, तर काचही वेगळी. मित्राच्या बाईकला जमली म्हणून तुम्हाला जमेलच असं नाही.

निवडताना

काचेची वरची कड नाक-तोंडाच्या पातळीला असावी आणि नजर काचेच्या वरून जावी. काचेतून बघावं लागलं तर पावसात आणि रात्री समोरच्या गाडीच्या लाईटमध्ये काही दिसत नाही.

उंची आणि कोन बदलता येणारा ब्रॅकेट असेल तर थोडे जास्त पैसे द्या. काचेच्या खालून थोडी हवा आत येऊ द्या. मागची पोकळी भरली की भोवरे कमी होतात. खालची फट पूर्ण बंद करू नका.

पॉलीकार्बोनेट सहज फुटत नाही, पण ओरखडे पडतात. ॲक्रिलिकवर ओरखडे कमी, पण तडकतं. कुठलीही असो, पेट्रोल किंवा रॉकेलने पुसू नका. साबणपाणी आणि मऊ कापड पुरे.

बसवल्यावर हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा, वायर-केबल अडकायला नको.

मागे बसणाऱ्यांचं काय?

मागची सीट उंच असते, त्यामुळे पुढच्याला आराम आणि मागे बसलेल्या बेगमला किंवा मुलाला भोवरे, असंही होतं. फिटिंग झाल्यावर दोघं मिळून एक फेरी मारा आणि त्यांनाही विचारा. काचेमुळे बुरखा-ओढणी सुरक्षित होते हा गैरसमज ठेवू नका. त्यासाठी चाकावरचं साडी गार्ड हवंच, आणि कपडा आवरून बसणंही.

शेवटचं आणि सगळ्यात स्वस्त

मी शेवटी कंपनीची जुनी छोटी काच परत लावली आणि लांबच्या सफरीत कानात फोमचे इअरप्लग घालायला लागलो. मेडिकलमध्ये थोड्या पैशात मिळतात. घोंघावणं दबतं, हॉर्न ऐकू येतो. पण इअरफोन नव्हे. गाणी किंवा फोन लावून चालवणं धोक्याचंच.

अल्लाहने दिलेला कान ही अमानत आहे. उद्या मस्जिदीतली अजान आणि नातवंडांची हाक स्पष्ट ऐकू यायला हवी असेल, तर काळजी आजच घ्यावी लागेल. शिट्टी दुसऱ्या दिवशीही थांबली नाही तर कानाच्या डॉक्टरांकडे जा, घरगुती तेल टाकत बसू नका.