आधी मद्रास, मग मुंबई

"हिंदीत जमलं नाही, म्हणून साउथला गेली." अभिनेत्री अ‍ॅमी जॅक्सनचा विषय निघाला की इथं चेन्नईत, अंबत्तूरच्या कारखान्यांत कामाला येणारे मुंबई-पुण्याचे पाहुणे हे वाक्य हमखास टाकतात. तेही अशा ठामपणे, की जणू तिकीट त्यांनीच काढून दिलं होतं.

तारखा बघा. लिव्हरपूलमध्ये वाढलेली ही ब्रिटिश मुलगी २००९ मध्ये 'मिस टीन वर्ल्ड' झाली. तिचे फोटो तमीळ दिग्दर्शक ए. एल. विजय यांनी इंटरनेटवर पाहिले आणि अभिनयाचा अनुभव नसताना तिला थेट नायिका केलं. जुलै २०१० मध्ये 'मद्रासपट्टिणम' आला: १९४७ चं मद्रास, गव्हर्नरची मुलगी आणि धोबी तरुण. हिंदी 'एक दीवाना था' आला फेब्रुवारी २०१२ मध्ये. नायक आपल्या स्मिता पाटीलचा मुलगा प्रतीक. पण चित्रपट तमिळचा रिमेक आणि दिग्दर्शकही मूळचेच, गौतम मेनन. म्हणजे हिंदीचं दारसुद्धा चेन्नईच्या माणसानं उघडलं. पुढे शंकर यांचे 'ऐ' (२०१५) आणि '२.०' (२०१८) हे तिचे मोठे चित्रपटही इथलेच.

हा गैरसमज एकट्या अ‍ॅमीपुरता असता तर सोडून दिला असता. पण सिनेमा म्हणजे मुंबई आणि इतर गावं म्हणजे तिथं न जमलेल्यांची सोय, ही आपली जुनी खोड आहे. वैजयंतीमाला एव्हीएम स्टुडिओच्या तमीळ 'वाळ्कै'त १९४९ मध्ये दिसली, हिंदी 'बहार'मध्ये १९५१ मध्ये. श्रीदेवी १९६९ मध्ये तमीळ 'तुणैवन'मध्ये बालकलाकार होती. यांनाही 'हिंदीत जमलं नाही' म्हणायचं का?

आता अ‍ॅमीबद्दलचे किरकोळ गैरसमज.

"ती अँग्लो-इंडियन आहे." नाही. जन्म आइल ऑफ मॅनचा, आई-वडील ब्रिटिश.

"तमीळ काय फाडफाड बोलते!" 'ऐ'मधला आवाज रवीना या डबिंग कलाकाराचा. इथं यात कुणाला वावगं वाटत नाही.

"भारतातली पहिली गोरी नायिका." पर्थमध्ये जन्मलेली नादिया १९३५ मध्येच मुंबईत 'हंटरवाली' झाली होती.

"'२.०' नंतर गेली ती गेलीच." जानेवारी २०२४ मध्ये तमीळ 'मिशन : चॅप्टर १'मधून परतली. हिंदी 'क्रॅक' फेब्रुवारीत आला. क्रम याही वेळी तोच.