कपाशीतला जिवाणू आणि आपली उधारी

व्यापारी बंधूंनो, सेलूत कापूस विकला की कापडाची उधारी वसूल होते. म्हणून कपाशीतला जिवाणू आपणही ओळखावा. मातीतल्या बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूचे प्रथिन बोंडअळीच्या आतड्याला छिद्रे पाडते. त्याचे जनुक घातलेल्या बीटी कपाशीला देशात २००२ साली परवानगी मिळाली. पुढे गुलाबी बोंडअळी हे विष पचवू लागली आणि २०१७ साली विदर्भात बोंडे किडली. ही अळी पऱ्हाट्यांत व सरकीत सुप्त राहते. म्हणून फरदड घेऊ नये, पऱ्हाट्या लवकर काढाव्यात, जिनिंगमध्ये कामगंध सापळे लावावेत. गिऱ्हाईक दुकानात आले की एवढे जरूर सांगा. त्याचे बोंड वाचले, तर आपली वसुली वाचेल.