गाडी उलाळ होऊ नये म्हणून

यंदा एप्रिलमध्ये साताऱ्याकडून आई-बाबा ओसाकाला आले, तेव्हा माझ्यापुढे दोन प्रश्न होते. आई पक्की शाकाहारी, आणि इथे सूपपासून नूडल्सपर्यंत सगळीकडे माशांची दाशी. बाबांच्या गुडघ्यांना तासा-दोन तासांनी पाय लांब करायला जागा हवी. नव्वद दिवस त्यांना घरातच बसवून ठेवायचं का? शेवटी ठरवलं, स्वयंपाकघर आणि अंथरूणच सोबत घेऊन हिंडायचं. म्हणजे मोटारीमागे छोटा ट्रेलर जोडायचा.

विकत घेण्याआधी दोन प्रकार भाड्याने घेऊन पाहिले. दोन्ही वेळा गाडी आमचीच आणि रस्ताही तोच: ओसाकाहून आकाशीचा पूल ओलांडून आवाजी बेट आणि परत.

आधी नियम सांगते. जपानमध्ये सामानासकट 750 किलोपर्यंतचा ट्रेलर साध्या लायसन्सवर ओढता येतो. त्याहून जड असेल तर वेगळी परीक्षा. ब्रेक नसलेल्या ट्रेलरपेक्षा ओढणारी गाडी साधारण दुप्पट जड लागते. एक्स्प्रेसवेवर ट्रेलर लावलेल्या गाडीला ताशी 80 किलोमीटरची मर्यादा आहे. शिवाय एका आसाचा ट्रेलर लावला की साधी मोटार टोलनाक्यावर मध्यम वाहन ठरते, म्हणजे साधारण वीस टक्के जास्त टोल. म्हणून हलके ट्रेलर शोधायचे, आणि हलक्यात जागा हवी म्हणून मुक्कामाला उघडून मोठे होणारे.

पहिला घेतला तो मात्र न उघडणारा, खोक्यासारखा. दोन मीटर उंच, म्हणजे आमच्या गाडीच्या टपावरून वीतभर तरी वर डोकावणारा. दुसरा घडीचा: प्रवासात बसका आणि गाडीच्या आडोशाला लपणारा. मुक्कामाला छत वर उचलायचं, दोन्ही टोकांचे पलंग बाहेर ओढायचे, मध्ये कापडी भिंती.

माझा समज होता की पेट्रोल वजनामुळे जळतं. ते अर्धंच खरं. सपाट रस्त्यावर ट्रेलर 200 किलोंनी हलका केला तरी ओढायचा जोर जेमतेम दोन किलोंनी कमी होतो. खरा अडथळा वाऱ्याचा. वेग 80 वरून 100 केला की हवेचा रेटा दीडपटीहून जास्त वाढतो. म्हणून 80 ची मर्यादा खिशालाही बरी. वजनाचा हिशेब चढावर द्यावा लागतो, आणि थांबवताना. पहिल्या फेरीत परतताना वाटेत पेट्रोल भरावं लागलं. घडीच्या ट्रेलरने तेवढ्याच टाकीत घरी आणलं.

पण धडा मिळाला तो पहिल्याच फेरीत. आवाजीचे नवे कांदे प्रसिद्ध आहेत. आईला राहवलं नाही. दोन मोठ्या पिशव्या आणि पाण्याचे कॅन मी मागच्या दाराशी ठेवले, उतरवायला सोपे म्हणून. एक्स्प्रेसवेच्या उतारावर शेजारून एक ट्रक गेला आणि ट्रेलर शेपटीसारखा डावीउजवीकडे हलू लागला. गाडीही त्याच्याबरोबर ओढली जाऊ लागली. मागच्या सीटवर आई आणि माझी दोन मुलं. जोरात ब्रेक मारायचा नाही, स्टिअरिंग उलटसुलट फिरवायचं नाही, एवढं वाचलेलं आठवलं. पाय हळूच वर घेतला, चाक सरळ धरलं. काही क्षणांत ट्रेलर शांत झाला. माझे हात मात्र बराच वेळ थरथरत होते.

पुलाच्या अलीकडे, मोठ्या आकाशपाळण्याजवळच्या आवाजी सर्व्हिस एरियात थांबलो. बाबांनी मागचं दार उघडलं आणि म्हणाले, "अगं, गाडी उलाळ भरलीस की!"

बैलगाडीत माल मागे जास्त झाला की जू वर उचललं जातं, गाडी उलाळ होते. पुढे जास्त झाला तर सगळा भार बैलांच्या मानेवर. ट्रेलरचंही तेच. जोडणीवर एकूण वजनाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास भार हवा. नेमकी मर्यादा गाडीच्या आणि ट्रेलरच्या कागदांत असते. जड सामान आसाच्या किंचित पुढे, खाली, जमिनीलगत. बाबांनी उभं राहून सगळं सामान लावून घेतलं. मग 3,911 मीटरचा तो पूल आम्ही वाऱ्यातही सरळ ओलांडला.

मग घडीचाच घ्यायचा ना? नाही. त्याचे पलंग कमरेइतके उंच. रात्री दोनदा उठणाऱ्या बाबांना ते जमेना. दुसऱ्या रात्री पाऊस आला. कापड ओलंच मिटलं, आणि घरी आल्यावर बुरशी धरू नये म्हणून पुन्हा उघडून वाळवावं लागलं. जूनच्या त्सुयुत काय झालं असतं! शिवाय मिचिनोएकीच्या वाहनतळावर डुलकी चालते, पण तंबू उघडून मुक्काम नाही. त्यासाठी आरव्ही पार्क किंवा कॅम्पची जागाच लागते.

आईबाबांसाठी मधला प्रकार बरा वाटतो. भिंती टणक, बिछाना खाली, आणि उभं राहण्यापुरतं फक्त छत वर उचलणारा. जर्मनीत एरिबाचे असे ट्रेलर 1950 च्या दशकाच्या अखेरीपासून आहेत. तो घडीच्या ट्रेलरइतका बसका नसतो, पण खोक्याइतका वारा अडवत नाही. बाजूला सरकणाऱ्या खोलीचे प्रकार मी सोडून दिले. त्या यंत्रणेचं वजनच आपले 750 किलो खाऊन टाकतं.

विकत मात्र अजून घेतला नाही. नोंदणीसाठी घरापासून 2 किलोमीटरच्या आत जागा दाखवावी लागते, आणि वर्षातून चार वेळा निघणाऱ्या ट्रेलरला ओसाकात बारा महिने भाडं भरणं परवडत नाही. पण आपल्या मंडळात पुढच्या वसंतात आईवडील येणारी घरं आणखीही आहेत. तीन कुटुंबांनी मिळून एक घेतला तर जमेल. दिवाळीच्या फराळाला भेटू तेव्हा बोलू या. सामान कसं भरायचं ते बाबा फोनवरून सांगतील.