उल्हासनगरचा माल, बदलापूरचा ब्रँड

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही स्टेशनं लोकलच्या मार्गावर एकामागून एक येतात. कपड्याचा धंदा सुरू करू पाहणाऱ्या मुलामुलींना ही जवळीक फार मोठी वाटते. माल एका स्टेशनावर मिळतो, घर दुसऱ्या स्टेशनावर आहे, आणि दुकान तर हातातल्या फोनमध्येच आहे. जून 2020 मध्ये टिकटॉकवर बंदी आली, पुढच्याच महिन्यात भारतात इन्स्टाग्रामचे रील्स सुरू झाले, आणि तेव्हापासून दर दुसऱ्या सोसायटीत कोणाचा ना कोणाचा ‘ब्रँड’ निघालेला दिसतो. त्यातले बरेचसे दिवाळीला निघतात आणि होळीपर्यंत थंडावतात. कारण विचारलं की ‘रीच मिळाला नाही’ असं उत्तर येतं. माझ्या मते बहुतेकदा ते खरं नसतं. फोनमुळे सुटतो तो फक्त माल दाखवण्याचा प्रश्न. उरलेल्या प्रश्नांवर समजुतीच चुकीच्या असतात.

‘माल उल्हासनगरहून उचलायचा, आपलं लेबल लावायचं, झाला ब्रँड’

कल्याणजवळच्या दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळालं. छावणीचे पाच भाग आजही कॅम्प 1 ते 5 म्हणूनच ओळखले जातात. हातात भांडवल नसलेल्या या लोकांनी जे जमेल ते बनवलं आणि जे खपेल ते विकलं. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ हा विनोद महाराष्ट्राने इतका चघळला, की त्यामागचं शिवणकामाचं कौशल्य दुर्लक्षितच राहिलं. जपानी बाजारातलं कापड, गजानन मार्केटमधले तयार कपडे, कॅम्प 5 मधली जीन्स, सगळं खरं आहे. इथे कपडा शिवून घेणं कधीच अवघड नव्हतं.

अवघड आहे ते दुसऱ्यांदा तसाच शिवून घेणं. ठोक बाजारात माल लॉटमध्ये येतो. आज पाहिलेला बॉटल ग्रीन टी-शर्ट महिन्याभराने मागितला, तर त्याच नावाचा जो मिळेल त्याची छटा वेगळी असेल, कापडाचं वजन 180 जीएसएमऐवजी 160 असेल, किंवा तो लॉट संपलेलाच असेल. दुकानदार फसवत नसतो. त्याचा धंदाच फिरत्या मालाचा असतो. ब्रँडचा धंदा नेमका उलटा असतो, कारण तुमचं गिऱ्हाईक मैत्रिणीने घेतला तोच टी-शर्ट मागत असतं. त्यात ठोक माल सेटमध्ये मिळतो, म्हणजे एम, एल, एक्सएल, डबल एक्सएल सारख्या संख्येने. ऑर्डरी मात्र सारख्या येत नाहीत. एल संपतो, आणि घरच्या दिवाणाखाली डबल एक्सएलचा ढीग साठतो.

म्हणून टिकायचं असेल तर उचललेल्या मालावरून जॉब वर्कवर यावं लागतं. कापडाचं थान आपण घ्यायचं, पॅटर्न आपला द्यायचा, आणि कटिंग मास्टर, ओव्हरलॉक, काज-बटन, धागा कटिंग, प्रेस अशा टप्प्यांची मजुरी मोजायची. इथे पहिल्यांदा कळतं की सुती होजिअरी धुतल्यावर आटते, कधी शिवण फिरून पुढे येते, आणि डेनिम तर धुलाईत इतकं आटतं की कापतानाच माप वाढवून धरावं लागतं. नमुना धुऊन, वाळवून, पुन्हा मोजल्याशिवाय पन्नास नग कापायला टाकणं हा निव्वळ जुगार आहे.

जीन्सच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. फिकट, घासलेला रंग शिलाईत येत नाही, धुलाईत येतो, आणि त्या धुलाईला पाणी व रसायनं लागतात. अंबरनाथच्या शिवमंदिराजवळून वाहत येणारी वालधुनी उल्हासनगरमधून जाऊन उल्हास नदीला मिळते. जीन्स धुलाईचं निळं पाणी वर्षानुवर्षं तिच्यात गेलं. ‘वनशक्ती’ या संस्थेने राष्ट्रीय हरित लवादात दाद मागितली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि त्यानंतरच्या कारवाईत कॅम्प 5 मधले अनेक धुलाई कारखाने बंद पडले. तेव्हा ‘आपली जीन्स कुठे धुतली जाते?’ हा प्रश्न फक्त पर्यावरणवाद्यांचा राहत नाही. धुलाईवाला बेकायदा असेल तर त्याची वीजजोडणी तुटण्याचं वेळापत्रक तुमच्या ऑर्डरींना विचारून ठरत नाही.

आणि लेबल? पाकिटबंद मालावर बनवणाऱ्याचं किंवा पॅक करणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क देणं वैधमापन शास्त्राच्या 2011 च्या नियमांनी बंधनकारक आहे. मानेवर नुसतं सुंदर अक्षरातलं नाव शिवलं की काम झालं, असं नाही.

‘दोनशेवीसला पडतो, पाचशे नव्व्याण्णवला जातो’

हा हिशेब सगळ्यांच्या तोंडी असतो, म्हणून थोडा उलगडून पाहू. आकडे उदाहरणादाखल धरले आहेत, तुमचे तुम्ही घाला.

टी-शर्ट छपाईसह 220 रुपयांना पडला, विक्री 599. एका नगामागे 379, म्हणजे दहा पार्सलांमागे 3,790 रुपये सुटतील असं वाटतं. आता समजा दहाही ऑर्डरी कॅश ऑन डिलिव्हरीच्या आहेत आणि तीन परत आल्या. कुरिअरवाले याला आरटीओ म्हणतात. गिऱ्हाईक फोन उचलत नाही, घरी नसतं, किंवा रात्री रील पाहताना केलेली ऑर्डर सकाळी नकोशी झालेली असते. सात पार्सलांचे 4,193 रुपये आले. त्यात 5 टक्के जीएसटी धरलेला, म्हणजे सुमारे 200 सरकारचे, उरले 3,993. सात टी-शर्टांचे 1,540 गेले. दहा पिशव्यांचे 150, दहा पार्सलांचं जाण्याचं भाडं प्रत्येकी 70 प्रमाणे 700, तीन परत येण्याचं प्रत्येकी 60 प्रमाणे 180. राहिले 1,423. आता जाहिरात. एका ऑर्डरीमागे 120 रुपये धरले तर 1,200 तिथे संपले. हातात 223 रुपये.

परत आलेल्या तीन टी-शर्टांपैकी एकावर पावडरचा किंवा लिपस्टिकचा डाग निघाला की हातात 3 रुपये.

यात तुमचा वेळ, फोटोचा खर्च आणि उल्हासनगरच्या खेपा धरलेल्याच नाहीत. या धंद्यात पैसा नाही, असं यातून मुळीच निघत नाही. पैसा कुठे गळतो ते दिसतं. आगाऊ पैसे भरणाऱ्याला थोडी सूट, कॅश ऑन डिलिव्हरीची ऑर्डर पाठवण्याआधी एक फोन, आणि सेंटिमीटरमध्ये दिलेला खरा साइज चार्ट, या तीन कंटाळवाण्या गोष्टी दहा रील्सपेक्षा जास्त पैसे वाचवतात. साइज चार्ट उगाच म्हणत नाही. आपल्याकडे एकाचा एल दुसऱ्याचा एम असतो. कुरिअरचंही एक गुपित: हलकं पण फुगीर पार्सल प्रत्यक्ष वजनावर मोजलं जात नाही. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून साधारण 5,000 ने भागतात आणि येईल तेवढे किलो धरतात. सुबक खोक्याची हौस इथे महाग पडते.

‘चाळीस लाखांपर्यंत जीएसटी लागत नाही’

अर्धसत्य. महाराष्ट्रात मालाच्या विक्रीसाठी 40 लाखांची मर्यादा आहे, पण ती राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याला. राज्याबाहेर करपात्र माल पाठवलात तर पहिल्याच विक्रीपासून नोंदणी लागते. हस्तकलेच्या काही वस्तूंना सवलत आहे, छापील टी-शर्टला नाही. बदलापूरच्या मुलीने बेळगावच्या मावशीच्या शेजारणीला कुर्ती पाठवली, दोघी मराठीतच बोलल्या, तरी जीएसटीच्या दृष्टीने माल कर्नाटकात गेला. पणजीचंही तसंच. आणि इन्स्टाग्रामवर ऑर्डर कुठून येईल हे आपल्या हातात नसतं. लहान व्यापाऱ्यांसाठीच्या कॉम्पोझिशन योजनेतही परराज्यात माल विकता येत नाही.

मोठ्या ऑनलाइन बाजारपेठांवरून विकायचं तर पूर्वी उलाढाल कितीही असो, नोंदणी हवीच होती. 1 ऑक्टोबर 2023 पासून लहान विक्रेत्याला राज्यांतर्गत विक्रीपुरती सूट मिळाली, तीही पॅन देऊन नावनोंदणी क्रमांक घेतल्यावर. दरही बदलला आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून 2,500 रुपयांपर्यंतच्या कपड्याला 5 टक्के आणि त्यापुढे 18 टक्के. जुन्या हजार रुपयांच्या मर्यादेवर किमती ठरवणारे अजून भेटतात. लग्नसराईचे लेहेंगे विकणाऱ्यांनी मात्र 2,500 ची रेघ डोळ्यांसमोर ठेवावी.

नोंदणीचाच विषय आहे तर, लघुउद्योगाच्या ‘उद्यम’ नोंदणीसाठी हजार-दोन हजार मागणाऱ्या संकेतस्थळांना पैसे देऊ नका. सरकारी पोर्टलवर ती फुकट होते.

‘नो रिटर्न लिहिलं की आपण मोकळे’

‘नो रिटर्न, नो एक्सचेंज. अनबॉक्सिंग व्हिडिओ नसेल तर तक्रार चालणार नाही. प्राइससाठी डीएम करा.’ ही तीन वाक्यं इतक्या पानांवर आहेत की लोकांना तो कायदाच वाटू लागला आहे. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा इलेक्ट्रॉनिक माध्यमातून होणाऱ्या कुठल्याही खरेदी-विक्रीला ई-कॉमर्स म्हणतो, आणि 2020 च्या ई-कॉमर्स नियमांतून फक्त स्वतःची जुनी वस्तू अधूनमधून विकणारा सुटतो, नियमित धंदा करणारा नाही. या नियमांप्रमाणे माल सदोष निघाला किंवा दाखवला तसा नसला, तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही. व्हिडिओ हा पुरावा म्हणून उपयोगी आहे, पण तो नसला म्हणून हक्क बुडत नाही. एकूण किंमत उघड सांगणंही अपेक्षित आहे, कानात नाही. ‘रंग आवडला नाही’ म्हणून परत घ्यायचं की नाही, हे मात्र तुम्ही ठरवा आणि आधीच स्पष्ट लिहा.

परतीच्या नियमांसारखेच गैरसमज प्रसिद्धीबद्दलही आहेत. फॉलोअर्सबद्दल फार बोलण्यासारखं नाही. विकत घेतलेले फॉलोअर्स कपडे घेत नाहीत, एवढंच. तेजस्विनी पंडित आणि अभिज्ञा भावे यांचा ‘तेजाज्ञा’ किंवा प्रिया बापट आणि त्यांची बहीण श्वेता यांचा ‘सावेंची’ पाहून उमेद जरूर धरावी, पण अभिनेत्रीच्या पानावर माणसं आधीपासूनच होती, हेही लक्षात घ्यावं. गावातल्या कोणा लोकप्रिय मुलीला ड्रेस भेट देऊन रील करून घेतलात, तर ती जाहिरातच ठरते. पैसे दिले नाहीत, फक्त ड्रेस दिला, तरी नातं उघड करावं लागतं. जाहिरात क्षेत्राच्या मानक परिषदेचे नियम 2021 पासून आणि केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाच्या सूचना 2023 पासून तेच सांगतात. आणि धंद्याच्या खात्यावर गाजलेलं सिनेमागीत लावता येत नाही म्हणून खासगी खात्यावरून माल विकायचा, ही युक्ती कायदेशीर नाही. ती गाणी व्यापारी वापरासाठी दिलेलीच नसतात.

‘शॉप अ‍ॅक्ट काढला, नाव आपलं झालं’

नाही झालं. कामगार मोजकेच असतील तर महाराष्ट्राच्या 2017 च्या कायद्याप्रमाणे तुम्ही फक्त ‘धंदा सुरू केला’ अशी सूचना देता. शॉप अ‍ॅक्ट, उद्यम, जीएसटी, इन्स्टाग्रामचं हँडल, यांपैकी काहीही नावावर हक्क देत नाही. तो ट्रेडमार्क कायदा, 1999 देतो. कपड्यांसाठी वर्ग 25, व्यक्तीसाठी किंवा लघुउद्योगासाठी ऑनलाइन शुल्क एका वर्गाला 4,500 रुपये, मुदत दहा वर्षं, मग नूतनीकरण. अर्जाआधी शोध घ्यायला पैसे लागत नाहीत. तो देवनागरीत आणि रोमनमध्येही घ्यावा, कारण उच्चार सारखा असला तरी हरकत येते. अर्ज केला की नावापुढे ‘टीएम’ लिहा. गोलातला आर नोंदणी झाल्यावरच.

मराठी टी-शर्टवाल्यांनी एक गोष्ट खास बघावी. बोधचिन्हं आणि नावं यांचा गैरवापर रोखणाऱ्या 1950 च्या कायद्याच्या अनुसूचीत छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आणि चित्र आहे. केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ते व्यापारासाठी किंवा ट्रेडमार्कसाठी वापरता येत नाही. बाजारात सर्रास दिसतं म्हणून ते कायदेशीर ठरत नाही, आणि महाराजांच्या नावाने ब्रँड काढून पुढे नोंदणीच्या वेळी अडकलेल्याला सगळं नाव नव्याने उभं करावं लागेल. सुपरहिरो आणि कार्टूनचंही तसंच. मुंबईत 2013 साली सुरू झालेल्या ‘द सोल्ड स्टोअर’ने परदेशी कंपन्यांचे रीतसर परवाने घेऊन असे टी-शर्ट विकले. त्याच चित्राची इंटरनेटवरून उतरवून केलेली छपाई म्हणजे नक्कल. ‘फर्स्ट कॉपी’ हा शब्द बाजारात कितीही सभ्य वाटो, खोटा ट्रेडमार्क लावलेला माल विकण्याला किमान सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50,000 ते 2 लाख रुपये दंड आहे.

उलटी बाजूही आहे. तुमचं स्वतःचं डिझाइन कोणी उचललं तर ‘कॉपीराइट आहे’ म्हणून निर्धास्त राहू नका. डिझाइन म्हणून नोंदवता येण्यासारखी गोष्ट नोंदवली नाही आणि यंत्रावर पन्नासहून अधिक नग काढले, की कॉपीराइट कायद्याचं कलम 15 ते संरक्षण काढून घेतं. म्हणून नवी नक्षी किंवा कट असेल तर रीलवर टाकण्याआधी डिझाइन नोंदणीचा अर्ज करायचा, कारण आधीच प्रसिद्ध झालेलं डिझाइन नोंदलं जात नाही. नावाचा अर्जही पहिला लॉट कापण्याआधीच करणं स्वस्त पडतं. जर्नलमध्ये नाव छापून आल्यावर चार महिने कोणालाही हरकत घेता येते, आणि तोवर हजार लेबलं विणून आलेली असतील तर ती उसवण्याची मजुरीही त्याच कारागिराला द्यावी लागते.