पिंजऱ्यातले कुत्रे रात्री का उठते?

गेल्या महिन्यात एक निवृत्त गुरुजी दवाखान्यात आले. डोळे तांबारलेले, चेहरा ओढलेला. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, झोपेची गोळी द्या. आठ दिवस डोळ्याला डोळा नाही." रक्तदाब पाहिला, तो नेहमीइतकाच होता. घरात काही काळजी आहे का, म्हणून विचारले, तर कारण वेगळेच निघाले. झोप मोडत होती ती त्यांच्या कुत्रीने.

कुत्री आठ वर्षांची, पांढरी, दहा-अकरा किलो वजनाची. पिल्लू असल्यापासून रात्री मागच्या पडवीत जाळीच्या पिंजऱ्यात झोपायची. सकाळपर्यंत हूं की चूं नाही. आता मात्र रोज रात्री एक-दोनच्या सुमारास उठून ती पिंजऱ्याची जाळी खरवडायची आणि विव्हळायची. गुरुजींच्या आई नव्वदीच्या, अंथरुणाला खिळलेल्या. कुत्रे रडले की घरातले माणूस जाते, ही आपल्याकडची जुनी समजूत. शेजारणीने नेमके तेच बोलून दाखवले आणि गुरुजींच्या पत्नी धास्तावल्या. कोणी पिंजऱ्यावर गोणपाट टाकायला सांगितले, कोणी म्हणाले, गावाबाहेर सोडून या. गुरुजींनी आपल्या बुद्धीने संध्याकाळनंतर तिचे पाणी बंद केले होते. शेवटी हळूच म्हणाले, "माझ्यातली अर्धी गोळी तिला दिली तर चालेल का?"

मी माणसांचा डॉक्टर, जनावरांचा नव्हे. पण तीस वर्षांच्या व्यवसायात एक गोष्ट शिकलो आहे. रोज शांत झोपणाऱ्याची झोप एकाएकी मोडली, तर आधी कारण शोधावे, गोळी नंतर. तान्हे मूल, भान हरपलेला वृद्ध आणि मुके जनावर यांना आपले दुखणे सांगता येत नाही. ते फक्त जागे राहतात.

म्हणून मी तीन प्रश्न विचारले. पाणी किती पिते? "भांडे दिवसातून तीनदा भरावे लागते." खाते का? "चार दिवस भाकरीला तोंड लावलेले नाही." माजावर कधी आली होती? "झाला असेल दीड महिना." मी म्हटले, "गुरुजी, गोळी राहू द्या. आजच्या आज पशुवैद्यांकडे न्या."

तहान आणि लघवी

नियमित झोपणारे कुत्रे अचानक उठू लागले, तर पहिला संशय लघवीचा घ्यावा. चांगल्या सवयीचे कुत्रे आपली झोपायची जागा सहसा घाण करत नाही. मूत्राशय भरले की ते बाहेर सोडा म्हणून ओरडते. मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, मूत्रपिंडाचा विकार, मधुमेह, खाजेसाठी दिलेली स्टिरॉइडची औषधे या सर्वांत लघवी वाढते. मधुमेहाचे मूळ स्वादुपिंडात आहे हे माणसाला कळले तेही कुत्र्यामुळेच. 1889 साली मिन्कोव्स्की आणि फॉन मेरिंग या शास्त्रज्ञांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढले. त्याला वारंवार लघवी होऊ लागली आणि ती तपासली तेव्हा तीत साखर सापडली.

घरी करण्याजोगी एक सोपी तपासणी आहे. सकाळी पाणी मापून ठेवा आणि चोवीस तासांनी किती संपले ते पाहा. एका किलो वजनाला 100 मिलिलिटरहून जास्त, म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याने लिटरभराहून अधिक पाणी रोज प्यायले, तर ते नक्कीच जास्त आहे. मात्र पाणी तोडू नका. लघवी जास्त होते म्हणून तहान लागते. पाणी बंद केले तर लघवी थांबत नाही, शरीर सुकते.

इतर कारणे

वयस्क कुत्र्यांचे सांधे दुखतात. दिवसा हालचालीत ते जाणवत नाही, रात्री एका कुशीवर पडून राहिले की ठणका लागतो. कान पिकला असेल, अंगावर गोचिडी असतील, तरी चैन पडत नाही. हृदय कमजोर झालेले कुत्रे आडवे झाले की खोकते, धापा टाकते. आपल्याकडचे हृदयरोगी रात्री उशाला दोन-तीन उशा घेऊन बसतात, तसाच हा प्रकार. दहा-बारा वर्षांपुढे काही कुत्र्यांना स्मृतिभ्रंशासारखा विकार होतो. दिवसा झोपायचे, रात्री भिंतीकडे बघत उभे राहायचे, ओळखीच्या घरात वाट चुकायची.

सगळीच कारणे आजाराची नसतात. पत्र्याखाली ठेवलेला पिंजरा उन्हाळ्यात रात्रीही तापलेला असतो आणि कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. आपल्याला ऐकू न येणारी उंदरांची बारीक चूंचूं त्याला ऐकू येते. फटाके, पिंजऱ्याची बदललेली जागा, घरातले माणूस परगावी जाणे हीही कारणे होतात. पिंजऱ्यात त्याला उभे राहता, वळता आणि पाय पसरून झोपता आले पाहिजे. दोन-तीन महिन्यांचे पिल्लू मात्र रात्रभर लघवी धरू शकत नाही, त्याला मध्ये एकदा बाहेर न्यावेच लागते.

रात्री उठून थोडे निरीक्षण करा. बाहेर सोडताच लघवी करून परत झोपले, तर मूत्रविकार पाहावा. धापा टाकत असेल, आडवे व्हायला तयार नसेल, तर दुखणे किंवा श्वास. शेपूट हलवून खेळायला मागत असेल, तर बहुधा सवय. अशा वेळी खाऊ देऊ नका, संध्याकाळी चांगले फिरवा.

दोन इशारे मात्र लक्षात ठेवा. माणसांच्या झोपेच्या किंवा दुखण्याच्या गोळ्या कुत्र्याला देऊ नका. आयबुप्रोफेनसारखी आपली साधी गोळीही त्याच्या जिवावर बेतू शकते. दुसरे, स्वभाव एकाएकी बदलला, आवाज घोगरा झाला, लाळ गळते, गिळता येत नाही, विनाकारण चावायला येते, असे दिसले तर घशात हाड अडकले असेल म्हणून तोंडात हात घालू नका. तो रेबीज असू शकतो. चावा किंवा ओरखडा झाल्यास वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुवा आणि त्याच दिवशी लस सुरू करा. लक्षणे सुरू झाल्यावर या रोगातून जवळजवळ कोणीच वाचत नाही. कुत्र्याची लस दरवर्षी चुकवू नका.

गुरुजींच्या कुत्रीच्या गर्भाशयात पू झाला होता. नसबंदी न केलेल्या, वयस्क मादीला माजानंतर काही आठवड्यांत हा आजार होतो. जंतूंच्या विषाने मूत्रपिंडाचे काम बिघडते, म्हणून तहान आणि लघवी वाढते. बाहेर स्राव दिसेलच असे नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी त्याच दिवशी तिचे गर्भाशय काढले. उशीर झाला असता तर ती दगावली असती, असे पशुवैद्यांनी सांगितले. पिल्ले नको असतील, तर वेळीच नसबंदी करणे हाच यावरचा उपाय.

परवा गुरुजी आईंचे औषध न्यायला आले होते. आईंची प्रकृती आहे तशीच आहे. कुत्री रात्रभर झोपते आणि गुरुजीही.